सावडीचं माणूस

चैतालीला सातवा लागला आणि कस्तुराबाईच्या घरातलं लावणीचं एक माणूस कमी झालं. सून पोटुशी आहे म्हणून कोणी कपाळाला हात लावतं का? पण कस्तुराबाईला आनंद आणि घोर दोन्ही एकदमच झाले होते. इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलायचा तो भादव्यात, आणि रोप लावायचं होतं आषाढात. दाढेत पेरलेलं इंद्रायणी भाताचं रोप वीतभर होऊन शेंड्याला पिवळं पडायला लागलं होतं. तिकोन्याचा डोंगर ढगात गेला होता तो बाहेर यायचं नाव घेत नव्हता. आभाळ आपलं काम करत होतं, आता माणसांनी आपलं करायचं होतं.

वाडीत लावणी सावडीनं होते. बाहेरून मजूर आणावेत तर ते मिळत नाहीत. धरणाकाठी तंबू ठोकलेत तिकडं तरणी माणसं पाहुण्यांना चुलीवरची कोंबडी वाढायला जातात. मग आज सगळ्या बायांनी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्या घरानं जितकी माणसं दिली, तितकीच त्या घराला परत. सगळा हिशेब तोंडी, पण सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखा चोख. आणि काटा हातात धरणारी बाई म्हणजे सोनाबाई. तिच्या ओटीवर बाया जमल्या की लावणी सुरू झाली असं समजायचं.

"तुजी किती माणसं, कस्तुरा?" सोनाबाईनं विचारलं.

"म्या एकलीच. चैतालीला वाकवत न्हाई."

"एकलीच्या बदल्यात घरटी एकच येनार बाई. दोन खाचरं हायती तुजी. कवा उरकायची?"

कस्तुराबाईच्या मागं, खांबाला टेकून सविता बसली होती. सविता तिची लेक, तिशी ओलांडलेली. जन्मली तेव्हा उशिरा रडली, चालली उशिरा, बोलली त्याहून उशिरा आणि तेही मोजकंच. दरसाल लावणीला ती यायची, पण बांधावर बसायला. भाकरीची गाठोडी राखायची, कोणाचं तान्हं पोर असलं तर पावसात त्याच्यावर खोळ धरायची. माणसं मोजताना सोनाबाईचं बोट तिच्यावरून पुढं सरकायचं. त्यात कोणाला काही वाटायचं नाही. कस्तुराबाईला वाटायचं, पण ते तिनं कधी ओठांवर आणलं नव्हतं.

त्या दिवशी सोनाबाईचं बोट सवितापाशी थांबलं.

"ही हाय की. आता केंद्रात जाती, समदी कामं करती म्हनं. ही काय मानूस न्हाई? पुरी धरा तिला."

कोणी नाही म्हटलं नाही. "व्हय, धरा की," असंच चौघी म्हणाल्या. कस्तुराबाई घरी आली ती पोरीचा हात धरून, रस्त्याच्या मधून चालत आली.

केंद्र म्हणजे पवनानगरच्या बाजारात अल्लाबक्षभाईंच्या किराणा दुकानाच्या वरची खोली. त्यांची भावजय परवीन ते चालवते. रोज सकाळी पप्पूची जीप वाड्यावाड्यांतून सवितासारख्यांना गोळा करते आणि संध्याकाळी परत सोडते. तिथं कोणी त्यांना कोंडून ठेवत नाही. दुकानात तांदूळ निवडायचा, एसटी स्टँडवरच्या झाडांना पाणी घालायचं, बाजारातून भाजी आणून आपली आपण शिजवायची, कधी हॉटेलात बसून चहा प्यायचा. सुरुवातीला लोक टकामका बघायचे. आता भाजीवाल्या सविताला नावानं हाक मारतात.

पण कस्तुराबाईच्या लेखी केंद्रानं केलेली मोठी गोष्ट वेगळीच होती. सविताला आधी थांबता यायचं नाही. शेंगा सोलायला दिल्या तर नखातून रक्त येईपर्यंत सोलत राहायची. पाणी आणायला सांगितलं तर माठ भरून सांडला तरी घागर घेऊन चालायची. आपण दमलोय हे तिला कळतच नव्हतं, की कळून सांगता येत नव्हतं, देव जाणे. परवीननं त्याच एका गोष्टीचा ध्यास घेतला. दमलं की 'दमले' म्हणायचं, हातातलं खाली ठेवायचं आणि बाजूला जाऊन बसायचं. बरं वाटलं की परत उठायचं. ह्यात एक आख्खं वर्ष गेलं. एका संध्याकाळी घरी भांडी घासता घासता सविता "दमले" म्हणाली आणि उंबऱ्यात जाऊन बसली. उरलेली भांडी कस्तुराबाईनं घासली, डोळे पुसत पुसत.

आता केंद्राला काय सांगायचं? खरं सांगितलं असतं तर परवीन काही खाऊन टाकणार नव्हती. पण लावणीसाठी पोरीला घरी ठेवली म्हटलं की बरं दिसत नाही, असं कस्तुराबाईला वाटलं. तिनं चैतालीच्या मोबाइलवरून फोन लावला.

"ताप आलाय गं तिला. चार दिस न्हाई यायची."

"ताप? मग डॉक्टरांना दाखवा मावशी. जास्त आहे का? आम्ही येतो बघायला."

"नगं नगं. पडसं हाय नुसतं."

फोन ठेवला आणि कस्तुराबाईच्या जिवाला चैन पडेना. धडधाकट पोरीला आजारी म्हणू नये, म्हटलं की आजार ऐकतो. तिनं सविताला चुलीपुढं बसवलं, मीठमोहऱ्या उतरून विस्तवात टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तशी सविता हसली. बजरंग, कस्तुराबाईचा थोरला आणि चैतालीचा नवरा, पॉवर टिलरची साखळी साफ करत बसला होता. तो म्हणाला, "खोटं बोलायचं आन मंग मीठ-मोहऱ्या जाळायच्या. बरंय तुजं."

पहिला दिवस चांगला गेला. सविता आईच्या डाव्या अंगाला उभी राहिली. रोपांची मूठ सोडायची, तीन-चार काड्यांचा चूड करायचा, अंगठ्यानं चिखलात रोवायचा, एक पाऊल मागं. सविताचे चूड कधी जाड व्हायचे, कधी रांग वाकडी जायची. कस्तुराबाई आपलं लावता लावता तिचंही सारखं करायची, दोन्हीकडं हात चालवायची. पाठीवरच्या खोळीवर पाऊस वाजत होता. पायाला खेकडा लागला तशी सविता ओरडली आणि सगळ्या बाया हसल्या, पण चांगलं हसल्या. दुपारी तीही त्यांच्या पंगतीत बसली. सुकटीची चटणी आणि नाचणीची भाकरी. "घे गं सवे, दमली असशील," असं म्हणून सोनाबाईनं तिच्या हातावर आणखी एक चतकोर ठेवला. कस्तुराबाईला वाटलं, असंच व्हायला पाहिजे होतं, आधीच व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी लावणी अपेक्षाच्या खाचरात होती. अपेक्षा म्हणजे वाडीत नवीन आलेली सून, जिभेला हाड नसलेली. पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि चिखलातून वाफा यायला लागल्या होत्या. असल्या उन्हात पाठ जास्त धरते. मोठं खाचर अर्धं झालं असेल, तेवढ्यात सविता सरळ उभी राहिली. हातातली मूठ तिनं नीट खाली ठेवली.

"दमले," ती म्हणाली आणि बांधावर जाऊन बसली.

तिच्या वाट्याची पात रिकामी राहिली. दोन्ही बाजूच्या बाया लावत मागं सरकल्या आणि मध्ये उघड्या चिखलाची पट्टी तेवढी दिसायला लागली.

"अगं, पुरी धरलीय न्हवं हिला?" अपेक्षा म्हणाली. "मंग ही बसली का पुरी?"

एकीनं फिसकन हसून घेतलं. दुसरी म्हणाली, "अर्धी धरायची व्हती. अर्धा दिस उबी, अर्धा दिस बसून."

ह्या वेळचं हसणं वेगळं होतं. कस्तुराबाईनं मान वर केली नाही, पण तिचे कान तापले. अर्धी. जन्मभर मोजलीच नाही ती परवा एकदाची पुरी झाली होती, आणि आज परत अर्धी. उद्या सावडीतून काढतील. परवा आपल्या खाचरात घरटी एकच बाई येईल. हे सगळं तिच्या डोक्यात आलं की नुसतीच लाज आली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ती चिखल तुडवत बांधापाशी गेली.

"ऊठ."

"दमले," सविता परत म्हणाली. तिला वाटलं, आईला ऐकू आलं नसेल.

कस्तुराबाईनं तिच्या मनगटावर फाडकन मारलं. चिखलाचा हात, जोरात बसला. "ऊठ म्हनते न्हवं? बसायचं न्हाई!"

सविता रडली नाही. ती उठली, पातीत आली आणि वाकली. त्यानंतर तिनं पाठ सरळ केली नाही. बायांनी भाकरीला हाक मारली तेव्हा सगळ्या बांधावर बसल्या आणि सविता भाकरी हातात धरून उभ्यानंच खायला लागली.

"बस की गं आता," सोनाबाई म्हणाली.

सवितानं आईकडं बघितलं आणि उभीच राहिली. बायांना गंमत वाटली. कस्तुराबाईचा घास मात्र तोंडात फिरायला लागला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

घरी आल्यावर चैतालीनं नणंदेचे पाय धुतले. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून सुटली होती. चैतालीनं कोकमतेल कोमट करून लावलं. सविता कधी उं का चूं करत नाही, तेल झोंबलं तेव्हा नुसती बोटं आखडून घेतली. मग चैतालीचं लक्ष तिच्या मनगटाकडं गेलं.

"आई, हे काय झालं हिला?"

"बांदाचा धोंडा लागला आसंल."

एक ताप, एक धोंडा. खोटं बोलायला लागलं की ते एकटं राहत नाही. सवितानं आपला हात पदराखाली घेतला. तिनं आईचं खोटं झाकलं की नुसता हात झाकला, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि कस्तुराबाईला दोन्हींतलं काहीही सोसलं नसतं.

बजरंग जेवता जेवता म्हणाला, "काम करती म्हनल्यावर लागायचंच. सोनामावशी सांगत व्हती, आज एकदा उटवल्यावर बसली सुदिक न्हाई. मंग आता केंद्रात कशाला धाडायची? भाताची बेननी हाय, मंग कापनी हाय, बाळाला बघाया मानूस लागंल. ती सावडीचं मानूस झालीया, घरातच ऱ्हाऊ दे."

"तिला तितं आवडतं," चैताली म्हणाली.

"आवडतं म्हनून काय झालं? आये, तू बोल की."

बोलायची हीच वेळ होती. ती बसली होती, म्या मारून उठवली, एवढं सांगितलं असतं तर बजरंगचं बोलणं तिथंच पडलं असतं. कस्तुराबाई ताटातल्या भाताचे डोंगर करत राहिली. "बघू," ती म्हणाली. बजरंगनं त्याचा अर्थ होकार असा घेतला.

दोन दिवसांनी त्यांच्या स्वतःच्या लावणीचा दिवस उजाडला तो धो धो पाऊस घेऊनच. बजरंगनं वरच्या खाचरात टिलर घातला, बाया खालच्या खाचरात उतरल्या. कस्तुराबाईच्या घरची दोन माणसं होती म्हणून दोन घरांनी जास्तीची बाई दिली होती. सावडीनं शब्द पाळला होता. अपेक्षासुद्धा वेळेवर आली होती. सविता सकाळपासून वाकलेली होती. तिचे चूड आज एकसारखे पडत होते, रांग सरळ जात होती. बाया तिचं कौतुक करत होत्या. कस्तुराबाई तिच्याशेजारी लावत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, म्हण गं एकदा. म्हण दमले म्हणून. आज आपलंच खाचर आहे, कोणी काही बोलणार नाही. पण हे तिला मोठ्यानं म्हणता येईना, कारण बाया ऐकत होत्या.

पाऊस जरा उणावला तेव्हा खालच्या रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

पप्पूची जीप. तीतून आधी परवीन उतरली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात छत्री. मागून केंद्रातली दोन-तीन माणसं. सगळ्यांच्या पुढं अरहम धावत सुटला. अरहम परवीनचा पुतण्या, विशीतला, गोल चेहऱ्याचा, सविताचा तिथला खास दोस्त. त्याच्या हातात केळ्यांची फणी होती. आजाऱ्याला भेटायला जायचं तर फळं न्यायची, हे त्यांनी आदल्या दिवशीच बाजारात ठरवून घेतलं होतं. आधी ते घरी गेले तेव्हा चैतालीनं त्यांना खाचराची वाट दाखवली होती. ती तरी काय करणार होती?

बांधावर येऊन अरहमनं सविताला बघितलं आणि त्याचं तोंड उजळलं.

"सविताला ताप नाही!" तो ओरडला. "परवीनचाची, बघ! ताप नाही! बरी झाली!"

इतका आनंद त्याला झाला होता की ऐकणाऱ्याला मान खाली घालावी लागली. बायांचे हात थांबले. "कुनाला ताप?" अपेक्षानं विचारलं.

"सविता!" अरहमनं हाक मारली. "सविता, केळी आणली!"

एरवी जीपचा नुसता आवाज आला तरी सविता हातातलं टाकून धावायची, एक चप्पल घरातच राहायची. आज ती वाकलेलीच होती. चूड रोवला, पाऊल मागं. चूड रोवला, पाऊल मागं. अरहमनं परत हाक मारली. तिच्या खांद्यांना ती ऐकू गेल्याचं दिसलं, पण मान वर झाली नाही.

परवीन बांधाच्या कडेला आली. ती रागावली असती तर कस्तुराबाईला बरं वाटलं असतं. तापाचं ती बोललीच नाही.

"मावशी, सकाळपासून ही बसली का मध्ये?"

"न्हाई."

"दमले म्हणाली का?"

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. तिनं ओठांवरून वाहणारं पावसाचं पाणी पुसलं. "परवा म्हनली व्हती. बसली बी व्हती. म्या मारली तिला. बसायचं न्हाई म्हनले."

वरच्या खाचरातला टिलर भडभडत होता. परवीननं छत्री मिटली, उगाचच.

"सवे," कस्तुराबाई लेकीकडं वळली. "बस गं. जा, बांदावर बस. केळं खा. म्या सांगते न्हवं? म्या चुकले. बस बाई."

सविता वाकलेलीच राहिली. कस्तुराबाईनं तिच्या खांद्याला हात लावला, तशी सवितानं मनगट पोटाशी ओढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं भराभर लावायला लागली.

आता काय करावं ते कस्तुराबाईला सुचेना. सांगून झालं, हात लावून झाला. ती होती तिथंच, पातीच्या मधोमध, चिखलात खाली बसली. लुगड्यासकट बदकन बसली. गढूळ पाणी कमरेशी आलं. तिच्या हातातली रोपं पाण्यावर तरंगत गेली.

"अशी बस," ती म्हणाली. "ह्ये बघ, म्या बसले. म्या दमले बाई. अशी बसायचं."

लावणीच्या पातीत असं कोणी बसत नाही, आणि ज्याचं खाचर तो तर नाहीच. "कस्तुरा!" सोनाबाई ओरडली. "येडी का खुळी तू? ऊठ! लोकाची मानसं राबत्यात आन तू बसतीस?" वरून बजरंगनं टिलर बंद केला. "आये!" तो मोठ्यानं ओरडला. "काय चाललंय? ऊठ आदी!" आणि तो तरातरा बांध उतरायला लागला.

तेव्हा सविता सरळ झाली.

तिनं आधी सोनाबाईकडं बघितलं, मग चालून येणाऱ्या भावाकडं, मग खाली बसलेल्या आईकडं. तिच्या चेहऱ्यावर भीती आली. एवढी भीती कस्तुराबाईनं तिच्या तोंडावर कधीच बघितली नव्हती, परवाच्या दिवशीसुद्धा नाही. पाण्यावर तरंगत गेलेली आईची रोपं तिनं लगबगीनं गोळा केली. ती आईच्या आणि बजरंगच्या मध्ये येऊन उभी राहिली, पाठ त्याच्याकडं करून, आणि वाकून आईच्या पातीत लावायला लागली. आईच्या गुडघ्यांपुढं, आईच्या कुशीला, जिथं जिथं मोकळा चिखल होता तिथं. जाड चूड, वाकडी रांग, काही बघायला तिला सवड नव्हती. आईचं काम थांबलेलं दिसू नये, एवढंच तिला करायचं होतं.

"आये, मी लावते," ती अगदी हळू म्हणाली. "तू बस. तुला कुनी न्हाई मारनार."

कस्तुराबाईनं चिखलाचे हात तोंडावर घेतले आणि सगळ्या सावडीसमोर ती हंबरडा फोडून रडायला लागली. आई रडतेय हे ऐकून सविता आणखी घाईनं लावत राहिली.